बाहीचं माप

वल्हं पाण्यात पडलं तेव्हा आई "अगं बाई" म्हणाली खरी, पण जरा उशिराच. तोवर ते हातभर लांब गेलं होतं आणि डुलत डुलत आणखी लांब निघालं होतं.

लेकीने आपलं वल्हं पुढे करून ते जवळ ओढायचा प्रयत्न केला. होडी एका बाजूला कलली. आईने दोन्ही कडा घट्ट धरल्या. पडलेलं वल्हं त्या धक्क्याने आणखीच दूर सरकलं.

"राहू दे, पडशील," आई म्हणाली.

"राहू दे काय? बारा वाजता रोपवे आहे. तिकिटं काढून ठेवलीत. तिथून उतरलो की धबधबा."

"धबधबा कुठे पळून जातोय?"

लेक एकाच वल्ह्याने जोर लावू लागली. होडी जागच्या जागी गोल फिरली. किनारा आला, डोंगर आला, पुन्हा किनारा आला. तिथे लाकडी धक्क्यावर होडीवाला छत्रीखाली बसला होता. होडी देताना त्याने दोघींना शाळेतल्यासारखं उभं करून शिकवलं होतं: एक हात वर म्हणजे सगळं ठीक, दोन्ही हात वर म्हणजे मी न्यायला येतो. आईकडून त्याने ते दोनदा करून घेतलं होतं.

महिन्याभरासाठी आई या परक्या देशात लेकीकडे आली होती आणि महिनाभर लेकीच्या पायाला भिंगरी लागली होती. गुहा झाल्या, झुलता पूल झाला, तंबूतला मुक्काम झाला. मावसबहिणीकडे गाडीने सहा तास जाऊन, चहा पिऊन त्याच पावली परतही आल्या. फ्रिजवर कागद लावलेला असायचा आणि लेक रोज सकाळी तो मोठ्याने वाचायची. मजा आली नाही असं आई कशाला म्हणेल? झुलत्या पुलावर ती पोट धरून हसली होती. पण बॅगेतलं ड्रेसचं कापड घडी न मोडता तसंच पडून होतं. गेल्या वर्षी जुन्या मापाने शिवून पाठवलेले दोन्ही ड्रेस लेकीला ढगळ झाले होते, म्हणून या खेपेला अंगावरून माप घेऊनच परतायचं, असं तिने ठरवलं होतं. काम पाच मिनिटांचं. पण लेक पाच मिनिटं एका जागी थांबेल तर ना. रोज "उद्या घे ना गं", आणि आता परवा विमान.

आईने पर्समधून टेप काढली.

"हे काय?" लेक म्हणाली.

"माप. आता बघू कुठे जातेस ते."

लेकीने टेपकडे पाहिलं, लांब गेलेल्या वल्ह्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"आई, चाळीस वर्षं शिवतेस. तुझ्या हातातून सुई पडलेली मी कधी पाहिली नाही."

"सुई हलकी असते. वल्हं जड होतं."

लेकीला हसू आलं, ते तिने कसंबसं दाबलं. होडीवाल्याला करायला म्हणून फोन काढला, तेव्हा त्याचा नंबरच घेतला नसल्याचं लक्षात आलं.

"काढलाच आहेस तर लिही," आई तिच्या पाठीवर टेप धरत म्हणाली. "खांदा चौदा."

लहानपणी आईच्या शिवणाच्या दुकानात स्टुलावर बसून लेक अशीच गिऱ्हाइकांची मापं लिहायची. बोटांनी आपोआप लिहिलं.

"साडेचौदा होता. अर्धा इंच कुठे गेला?"

"लाइफ जॅकेटमुळे नीट येत नसेल."

"जॅकेटमुळे वाढलं असतं. पट्टा सैल कर, कंबर घेते." टेप जॅकेटच्या आतून फिरली. "अठ्ठावीस. एकतीस होती. जेवतेस की नाही?"

"तुझ्यासमोरच तर जेवते."

"उभ्याने जेवतेस. एक घास खायचा आणि बूट शोधायला जायचं. मी काय डोंगर बघायला आले होते? महिन्याभरात एकदा शेजारी बसली नाहीस."

लेकीने फोनवर 'कंबर' एवढंच लिहिलं.

"बसलं की तुझं जायचं आठवतं," ती म्हणाली. "तू विमानतळावर दिसलीस त्या दिवसापासून. फिरत राहिलं की जरा कमी आठवतं."

आईचे हात टेपसकट तिथेच थांबले. मग तिने आकडाच पुन्हा सांगितला.

"अठ्ठावीस."

"लिहिलं."

तेवढ्यात किनाऱ्यावरून शिट्टी वाजली. तरंगत आलेलं वल्हं होडीवाल्याला दिसलं असावं. तो धक्क्याच्या टोकाशी उभा राहून डोळ्यांवर हात धरून पाहत होता. लेकीने चटकन दोन्ही हात वर केले. होडीवाला वाकून आपल्या मोटरबोटीचा दोर सोडायला लागला.

आई टेप गुंडाळू लागली.

"बाही राहिली," ती म्हणाली. "असू दे. अंदाजाने शिवीन."

"तू कधीपासून अंदाजाने शिवायला लागलीस?"

लेकीने एकदा घड्याळ पाहिलं. बाराला वीस मिनिटं होती. मग उजवा हात खाली घेऊन तिने तो आईपुढे सरळ धरला. डावा वरच ठेवला.

"सावकाश घे," ती म्हणाली.

होडीवाल्याने खात्री करायला आणखी एक शिट्टी वाजवली. पाण्यावर एकच हात वर होता. त्याने सोडलेला दोर पुन्हा बांधला आणि छत्रीखाली जाऊन बसला.