टाकीतली शीळ

वच्छलाबाईनं कमरेची चंची सोडून टेबलावर ठेवली आणि मशीनवाल्या मोनालीला बजावलं, आतल्या तंबाखूला कुणी हात लावला तर मला वासावरून कळतं. मोनाली हसली आणि तिनं काडेपेटीही मागून घेतली. उपचाराच्या टाकीत दाबानं भरलेला ऑक्सिजन असतो, ठिणगी चालत नाही, डोक्याला तेलसुद्धा चालत नाही. म्हणून तर करमाडहून छावणीतल्या या दवाखान्यापर्यंत वच्छलाबाई कोरड्या केसांनी आली होती, आणि सुतकातल्यावानी दिसतेय मी, असं रस्ताभर सुनेला ऐकवत आली होती.

खरं तर आत सुनेनंच जायचं. पण रत्नमालाला सर्दी झाली, आणि नाक चोंदलेल्या माणसाला त्या टाकीत घेत नाहीत. सत्यमचा बाप कंपनीत पाळीवर. मग नातवाला घेऊन बसायला आजीवाचून कोण उरलं?

मागच्या वेळी आईसोबत सत्यम आत गेला आणि कानात दडे बसताच असा किंचाळला, की हवा सोडून त्याला बाहेर काढावं लागलं. पाण्याचा घोट गिळला की कान सुटतात. पण सत्यमला सांगून गिळायला लावणार कसं? सात वर्षांचा झाला, बोलत नाही. कुणी बोललं तर त्याच्या तोंडाकडं बघत नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, अशा लेकरांना यानं गुण येतोच असं मी म्हणणार नाही, आणि पुढच्या खेपेला नाही बसला तर पुन्हा त्याला त्रास देऊ नका. तेव्हापासून रत्नमालाच्या डोळ्याला डोळा नव्हता.

"हमी नाय तर बसवायचं कशाला गं?" सासूनं दारातच विचारलं.

"एकदा तरी त्यानं माझ्याकडं बघावं, आत्या. दुसरं काय नाय मागत."

 वच्छलाबाई पदर खोचून, नातवाचं मनगट धरून टाकीत शिरली.

टाकी लोखंडाची, पांढरी, आडवी पडलेली. एक गोल काच बाहेर बघायला. यापरीस आमच्या मेंढरांचा वाडा मोकळा, असं वच्छलाबाईनं बसल्याबसल्या सांगून टाकलं. दार लागलं. स्पीकरमधून मोनाली म्हणाली, कान दुखला तर हात वर करा, आजी. हात वर करायची सवय नाय मला, आजीनं कळवलं.

हवा भरायला लागली. सत्यमनं तळहातांनी कान दाबले. मान डोलू लागली. घशातून तो आवाज निघू लागला, किंचाळण्याआधीचा. वच्छलाबाईनं बाटली पुढं केली, त्यानं झिडकारली. तिनं चुचकारलं, रागं भरली, खंडोबाची आण घातली. काचेपलीकडं रत्नमालानं पदराचा बोळा तोंडात धरला.

तेव्हा म्हातारीनं ओठ जुळवले.

लांब, बारीक, एकाच सुरातली शीळ. मेंढरं पाण्यावर आणली की घालतात ती. ती ऐकली की बुजलेलं कोकरूही पाण्याला तोंड लावतं. काम बाप्यांचं. बाईनं शीळ घालायची नाही, हा वच्छलाबाईच्याच घरचा कायदा. भाकरी थापताना नुसतं ओठांत वाजवलं म्हणून याच सुनेला तिनं पाहुण्यांसमोर फैलावर घेतलं होतं. आता स्पीकर चालू होता, आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या बाप्यांना शीळ ऐकू जात होती.

सत्यमच्या घशातला आवाज थांबला. तो आजीच्या ओठांकडं बघू लागला. तिनं शीळ न तोडता बाटली त्याच्या तोंडाला लावली. तो प्याला. एक घोट, मग आणखी एक. हात आपसूक कानांवरून खाली आले.

पण एक गोष्ट म्हातारीच्या ध्यानात आली नाही. शीळ घालणाऱ्या तोंडाला गिळता येत नाही. तळ्याच्या काठावर त्याचं अडत नव्हतं, इथं अडलं. उजव्या कानात दाभण घातल्यासारखी कळ गेली. शीळ तुटली. डोळ्यांत पाणी आलं.

"आजी, दुखतंय का? थांबवू?" मोनालीनं विचारलं.

वच्छलाबाईनं मान हलवून नाही म्हटलं. लेकरू आता कुठं निवलं होतं. हात मांडीवर होता, तिथंच राहिला.

सत्यम बघत होता. त्यानं बाटली उचलली आणि आजीच्या तोंडाला लावली, अशी की दातावर आपटली. मग ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. पुन्हा हवा, थोडी थुंकी. आणि मग निघाली एक तुटकी, किरटी शीळ.

म्हातारी मुकाट प्याली. कान फट्दिशी मोकळा झाला. बाटली रिकामी झाली तरी शीळ थांबेना. सत्यमनं बाटली हलवून बघितली, खाली ठेवली, इकडंतिकडं बघितलं. काचेमागं आई उभी होती. त्यानं तिच्याकडं तोंड केलं, ओठ जुळवले आणि तिच्याकडं बघत शीळ घातली.

रत्नमाला जागची हलेना.

"बघत काय राहिलीस गं," स्पीकरमधून सासू खेकसली. "लेकरू पाजतंय तुला. पी की."

टेबलावर चंचीशेजारी मोनालीची पाण्याची बाटली होती. रत्नमालानं ती उचलून तोंडाला लावली, आणि आतली शीळ थांबेपर्यंत खाली ठेवली नाही.