खळ

लॉन्ड्रीचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात नंदाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. हातात नवऱ्याचा पांढरा सदरा. काल संध्याकाळीच फकरोद्दीननं तो खळ घालून, इस्त्री करून घरी पाठवला होता.

“यातली खळ काढून द्या, भाऊ.”

तातेराव मास्तरांच्या सदऱ्याची घडी मोडलेली जाफराबादेत कुणी बघितली नव्हती. फकरोद्दीनचे वडील साबुदाणा शिजवून खळ करायचे, हा पावडर वापरायचा. कापड उभं राहिलं पाहिजे, एवढंच मास्तरांचं म्हणणं.

“जास्त झाली का, काकू?”

“न्हाई. बराबर व्हती. मास्तर पहाटंच गेले.”

फकरोद्दीनचा हात शटरवरच राहिला.

“अंग ताठलंय,” नंदाबाई म्हणाल्या. “हात वाकून न्हाई राह्यला, अन् सदरा बी कडक. बाही चढंना. मागून उभा चिरा म्हणतेत समदे. मी चिरू देत न्हाई.”

त्यानं सदरा कोमट पाण्यात बुडवला. पाणी पांढुरकं, बुळबुळीत झालं. ते ओतून दुसरं घेतलं. मग तिसरं. नंदाबाई बाकावर बसून बघत होत्या. डोळे कोरडे होते.

“कधी नेणार?”

“बारा वाजता. लेक शिवकन्या जालन्याहून निघालीय.”

सदरा मशीनमध्ये फिरत होता. तो थांबल्यावर त्या म्हणाल्या, “घरी आले की खुंटीला लावायचे. मला हात लावू देत न्हवते. घडी मोडती म्हणायचे. नातवाला बी कधी कडेवर घेतलं न्हाई.”

गल्लीतल्या दुसऱ्याच कुणाचं सांगावं, तसा आवाज होता.

फकरोद्दीननं इस्त्री फिरवून कापड सुकवलं आणि सवयीनं घडी घालायला घेतली.

“राहू द्या.”

त्यानं सदरा तसाच त्यांच्या हातात दिला. “चढंल का आता?” त्यानं विचारलं.

चढते का ते बघायला नंदाबाईंनी आपलाच हात बाहीत घातला. तो सरसर खांद्यापर्यंत गेला. मग त्यांनी तो बाहेर काढलाच नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या एकदोघांनी वळून बघितलं. फकरोद्दीननं घड्याळ बघितलं.

“एवढा मऊ व्हता व्हय,” त्या म्हणाल्या.