चिलखताची खोली

नाओया संग्रहालयाच्या दारातच बुटांच्या कप्प्यांपाशी मटकन खाली बसला आणि उठेना. दोन्ही हातांनी त्याने कान गच्च झाकून घेतले. आत उचलून बघायला ठेवलेल्या तांदळाच्या पोत्याभोवती शाळेची तीस-चाळीस पोरं जमली होती. साठ किलोचं पोतं कोण उचलतो यावर त्यांचा कालवा चालला होता. गुरुवारी सकाळी इतिहास संग्रहालयात चिटपाखरू नसतं, असं त्याच्या बापाने, मोरिओने, त्याला खोलीच्या दाराबाहेरून तीनदा सांगितलं होतं.

नाओया अठ्ठावीस वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी तो आपल्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि त्याला आता नऊ वर्षं झाली होती. आईने, कानाएने, जेवणाचा ट्रे दाराशी ठेवायचा, रिकामा झाला की उचलायचा. आईबाप त्याचा आवाजही विसरत चालले होते. आणि गेल्या आठवड्यात रिकाम्या ट्रेवर एक चिठ्ठी आली. ‘गुरुवारी संग्रहालयात जाऊ. तिघंही.’ खाली गॅसवरचं सूप आटून जाईपर्यंत कानाए जिन्यात ती चिठ्ठी धरून उभी होती. लहानपणी त्याला इथलं चिलखत फार आवडायचं, तेच आठवलं असणार, असं दोघांनी ठरवून टाकलं. तिने डब्यांच्या दुकानातून रजा घेतली. मोरिओने दाढी केली.

मोरिओला घाई होती. स्वादुपिंडाचा फोटो उजेडासमोर धरून डॉक्टरांनी एका डागावर बोट ठेवलं होतं. नव्या वर्षाची तांदळाची वडी, मोची, खायला असेन ना मी, असं त्याने हसत विचारलं, तर डॉक्टर हसले नाहीत. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. पाय थकेपर्यंत कानाए एकटीच ट्रे वर नेत राहील आणि मग एक दिवस त्या दाराबाहेर कुणीच नसेल, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

“ऊठ,” तो म्हणाला. “लोक बघतायत.”

नाओया हलला नाही.

“ऊठ म्हणतो ना. मी काय जन्माला पुरणार आहे तुला?”

कानाएने त्याची बाही ओढली. “अहो, हळू बोला.”

“नऊ वर्षं हळूच बोलतोय.”

बत्तीस वर्षं शहरात बस चालवताना त्याने कधी कुणा उतारूवर आवाज चढवला नव्हता. पोरं मागे वळून बघायला लागली. नाओयाने डोकं गुडघ्यांत घातलं. मोरिओच्या बरगड्यांखाली कळ आली. बूट ठेवायचं निमित्त करून तो भिंतीला टेकला.

“घरी जाऊ या,” कानाए म्हणाली. “इथवर आला, पुष्कळ झालं.”

आज परत गेलो तर ते दार पुन्हा उघडणार नाही, हे मोरिओला दिसत होतं.

तेवढ्यात एक म्हातारा काठीशिवाय, पण वाकत वाकत आला आणि नाओयाच्या शेजारी जमिनीवर बसला. संग्रहालयात फुकट काम करणारे हे उकाई आजोबा. बसताना त्यांचे गुडघे करकरले.

“चिलखताची खोली रिकामी आहे,” ते समोर बघत म्हणाले. “ही वानरसेना तिथं जेवणानंतर येईल. मागच्या जिन्याने जाता येतं.”

नाओयाने कानांवरचे हात काढले. भिंत धरून तो उभा राहिला.

वर उकाई आजोबांनी पाहुण्यांना घालून बघायला ठेवलेल्या चिलखताचा एकेक पत्रा त्याच्या अंगावर चढवायला घेतला. “पोट आत घे म्हणायचीसुद्धा सोय नाही,” दोऱ्या आवळत ते म्हणाले. “तुला पोटच नाही. सामुराईचं भूत दिसशील.” नाओयाचे दंड काडीसारखे झाले होते. कानाएने तोंड फिरवलं. शेवटी आजोबांनी नाक-हनुवटी झाकणारा लोखंडी मुखवटा उचलला. “हा पुष्कळ जण नको म्हणतात. श्वास कोंडतो.” नाओयाने तो त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच बांधला. आता त्याचे फक्त डोळे दिसत होते.

“आई,” मुखवट्याआडून आवाज आला. घोगरा, पुरुषी, अनोळखी. “पाणी आणतेस?”

कानाएने मान हलवली आणि पर्स तिथंच टाकून जवळजवळ पळतच जिना उतरली. “त्यांना पाण्याचं यंत्र सापडायचं नाही,” असं म्हणत आजोबा तिच्या मागे गेले.

खोलीत दोघंच राहिले. मोरिओने मोबाइल काढला.

“छान दिसतंय,” तो म्हणाला. “लहानपणी किती आवडायचं तुला हे.”

“मला ती खालची जुनी करवत आवडायची. चिलखताची भीती वाटायची.”

मोरिओने मोबाइल खाली घेतला. “मग आज कशाला आलास?”

लोखंडाच्या आत श्वास घासत होता.

“आई कामावर गेली की तुम्ही हॉस्पिटलला फोन करता. परवा म्हणालात, बायकोला काही कळवू नका. मोठ्याने बोलता तुम्ही. तुम्हाला वाटतं, घरात कोणी नाही.” तो थांबला. “घरात मी असतो, बाबा.”