समाधानी ग्राहक

“सर, आपली तक्रार सोडवण्यात आलेली आहे,” फोनमधली मुलगी गोड आवाजात म्हणाली.

सेवादास खाटेवरून ताडकन उठला. “कोणं सोडवली? कवा सोडवली? इथं तं इंटरनेटचा डब्बा मेल्यावानी पडला हाये बाई! एक बी लाइट लागून नाही राह्यला.”

“आमचा माणूस येऊन गेला, सर. काम झालं, असं तुमच्या घरच्यांनीच सांगितलं.”

“घरच्यांनी? अवं, खोटं बोलाची बी काही हद्द असते का नाही?”

उत्तराऐवजी संगीत सुरू झालं. मग तेही बंद पडलं.

ओट्यावर टेकलेला शेजारचा जीवन हसू दाबत म्हणाला, “कंपनीच्या लेखी तू खुश हायेस, सेवादास. जरा खुश दिस ना मंग!”

सेवादासला हसू येण्यासारखं काही नव्हतं. दारव्ह्याकडच्या त्या तांड्यात वायरचं इंटरनेट घेणारा तो एकटाच. मोबाइलवर बोलणं कसंबसं व्हायचं, चित्र मात्र जागच्या जागी गोठायचं. म्हणून त्यानं बायकोच्या, जमनीच्या नावावर कनेक्शन घेतलं आणि भिंतीवर मोठा टीव्ही लावला. सगळा खटाटोप अंजूसाठी. त्याची लेक अंजू महाराष्ट्राच्या खो-खो संघात होती. आज दुपारी दिल्लीला राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि तो फक्त इंटरनेटवर दिसणार होता.

मागच्या वर्षी तिचे दोन मोठे सामने त्यानं याच टीव्हीवर पाहिले होते. सेवादास पडद्याला नाक लावून “पळ अंजू, पळ!” म्हणून ओरडत होता, आणि दोन्ही वेळा अंजू अगदी ऐन मोक्यावर बाद झाली होती. पण ते मागचं झालं. आज फायनल होती आणि इंटरनेटच गेलं होतं. तो रोज तक्रार करायचा, कंपनी रोज ती सोडवून टाकायची.

“जमने, कंपनीचा कोणी आलता काय?” त्यानं आत डोकावून विचारलं.

जमनी ज्वारी निवडत होती. “भांडेवाली आलती. बोहारीण आलती. कंपनी कशी दिसते, मले काय माहीत?” सुपातला खडा उचलून तिनं अंगणात भिरकावला. “इतका जीव कायले जाळता? पोरगी तिथं खेळनार. तुमी इथून पाह्यल्यानं तिचे पाय जास्त पळनार हायेत काय?”

“बाप हावो मी तिचा! या डोळ्यानं पाहाचं हाये मले.”

“मंग चाल ना दारव्ह्याले,” जीवन गाडीची किल्ली वाजवत म्हणाला. “तिथं कोनाच्याही दुकानात पाहू.”

सेवादासनं एक पाय चपलेत घातला, तोच त्याच्या मोबाइलवर संदेश आला. जीवननं मोठ्यानं वाचला, “आमचा प्रतिनिधी थोड्याच वेळात आपल्याकडे पोहोचत आहे.”

सेवादासनं चपला भिरकावून दिल्या. “येऊन राह्यला! सतरंज्या काढा रे! सांगा तांड्याले!”

बघता बघता घर भरलं. म्हाताऱ्या पुढं बसल्या, पोरं खिडकीत चढली. कुणीतरी बंद टीव्ही पुसून लख्ख केला. सगळ्यांच्या माना रस्त्याकडं. फटफटीचा आवाज आला की अख्खं घर उठून उभं राहायचं. ती कुणा पाहुण्याची निघायची.

सामन्याची वेळ झाली. जमनी वेशीपर्यंत जाऊन पाहून आली. “रस्ता खाली हाये,” पदरानं घाम टिपत ती म्हणाली.

आणि मोबाइल पुन्हा किणकिणला. या वेळी सेवादासनं स्वतःच वाचलं.

“काम पूर्ण झाले. आपण समाधानी आहात, याचा आम्हाला आनंद आहे.”

सेवादासच्या तोंडून जे निघालं, ते ऐकून म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले.

दारव्ह्याला जायलाही आता उशीर झाला होता. शेवटी यवतमाळला शिकणाऱ्या पुतण्याला, भारतला फोन लावला. तो सामना पाहतच होता. सेवादासनं फोनचा आवाज मोठा केला आणि फोन टीव्हीखालच्या फळीवर ठेवला.

“काका, शेवटची पाळी! आपण एका गुणानं पुढं हावो. अंजूताई मैदानात हाये!”

सगळं घर फोनकडं सरकलं.

“एक बाद करायचे दोन गुण भेटतात त्याहिले. म्हणजे ताई गेली का सामना गेला... खांबाकडं पळाली... अरे, हात लागला!... नाही! नाही लागला! वाकून निसटली, काका!”

सेवादासनं जीवनचा दंड असा आवळला की जीवन कळवळला.

“दोघी मांगं लागल्या... ताई पलीकडं... खो भेटला त्याहिले... आली, आली जवळ... शिट्टी! काका, शिट्टी झाली! जिंकलो!”

मग काय विचारता! खिडकीतली पोरं थेट अंगणात पडली. डफ वाजू लागला. म्हाताऱ्यांनी फेर धरला. सेवादास मधोमध नाचत होता, नाचता नाचता रडत होता.

“ऐकलं रे जीवन, पन पाह्यलं नाही! माह्या पोरीची फायनल, अन् मी भिंतीकडं पाहून राह्यलो! उद्याच ग्राहक मंचात जातो. या कंपनीले सोडत नसतो मी.”

“जाय. साक्षीले मी येतो,” दंड चोळत जीवन म्हणाला.

गूळ वाटायचा म्हणून सेवादास घरात शिरला. स्वयंपाकघराच्या दाराशी त्याचा पाय थबकला. जमनी पाठमोरी उभी होती. फोन कानाला, आवाज दबका, पण आनंद काही केल्या त्यात मावत नव्हता.

“जिंकली माही अंजू! आता ये भाऊ, अन् तू काढलेली वायर जोडून दे. कंपनीचा मानूस असून बी, माहेरचा हायेस म्हणून बहिणीचा शबद तरी राखला. बाप पाह्यते तवाच पोरगी बाद होते, हे या घरात कोनाले सांगू? अन् आयक, दिवाळीच्या आंधी तिचा परत खेळ हाये. तवा बी येऊन काढून ठेवजो.”