सोमवारची साइड बी

"थांब, आता ऐक. इथे ती ब्रेथ घेते ना, बरोबर तिथे." विनीताने टेपरेकॉर्डरचा आवाज वाढवला. तिची आई पद्मजा कणीक मळता मळता थांबली आणि मान कलती करून ऐकू लागली.

कॅसेट शनिवारच्या टपालाने ओसाकाहून आली होती. पाठवली केइकोने. केइको इथे पार्सिपनीत विनीताच्या शाळेत शिकत होती तेव्हा दोघी मैत्रिणी मिळून जपानी कार्टून बघायच्या. पुढे तिच्या बाबांची बदली झाली, ती परत गेली आणि विनीताजवळ ही आवड तेवढी ठेवून गेली. शाळेत दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

गाणारी सायोको मूळची कार्टूनला आवाज देणारी. पडद्यावर एक खट्याळ मुलगा सगळ्यांना सळो की पळो करून सोडायचा, त्याचं बोलणं सायोकोचं. आजवर गाणीही ती त्याच्याच आवाजात म्हणायची. या नव्या कॅसेटमध्ये मात्र ती पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात गात होती.

"साइड ए ऐकून मी वैतागलेच," ओट्यावर चढून बसलेली विनीता सांगत होती. "ड्रम्स टू लाउड. आणि तो मुलगा कुठेच नाही. मला वाटलं, हिने चीट केलं यार. पण साइड बीचं हे तिसरं गाणं बघ. हाय नोटला ती जातच नाही. खालीच राहते, आपण घरात बोलतो ना, तशी. मग कळतं की तो मुलगा म्हणजेसुद्धा हीच होती. मस्ती करायला तिला तो लागायचा. आता नाही लागत."

पद्मजा काही बोलली नाही. सोमवारी ती बोलतच नसे. श्रावणात तिने सोळा सोमवारचं व्रत धरलं होतं, आणि संध्याकाळची पूजा होईपर्यंत मौन. तिने पिठाचा हात नॅपकिनला पुसला आणि रिवाइंडचं बटण दाबलं. तेच गाणं, पहिल्यापासून. विनीताला हसू फुटलं.

इतर दिवशी हे जमायचं नाही. मंगळवारी विनीताने तोंड उघडलं की पद्मजा म्हणे, "आधी ओट्यावरून खाली उतर." नाहीतर, "मराठीत सांग." नाहीतर, "ते सगळं ठीक आहे गं, पण केमिस्ट्रीचं काय झालं?" काळजीपोटीच बोलायची बिचारी. पण ती बोलली की विनीताच्या खोलीचं दार धाडकन लागायचं ते जेवायच्या वेळेपर्यंत. सोमवारी मात्र विनीता स्कूलबसमधून उतरली की दप्तर टाकून थेट स्वयंपाकघरात यायची आणि बोलत सुटायची. केइको गेल्यापासून शाळेत आपण एकटीच डबा खातो, हेही तिने अशाच एका सोमवारी, दोन गाण्यांच्या मध्ये सांगून टाकलं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यावर अर्धा तास उपदेश झाला असता. त्या दिवशी आईने नुसता तिच्या केसांवरून हात फिरवला होता, पिठाचा होता तसाच. विनीताचा देवावर फारसा विश्वास नव्हता. पण सोमवारबद्दल ती महादेवाची मनापासून आभारी होती.

गाणं अर्ध्यावर आलं आणि भिंतीवरचा फोन वाजला. विनीताने टेप थांबवून रिसीव्हर उचलला.

"कोण, विनी का? आईला दे गं जरा." एडिसनच्या कांचनमावशी. त्यांचा आवाज असा, की फोन नसता तरी पार्सिपनीपर्यंत पोचला असता.

"मावशी, आई आज बोलणार नाही. मंडे आहे ना, मौन असतं तिचं."

"मौन? आता कसलं मौन? अगं, उद्यापन होऊन दोन महिने झाले की त्या व्रताचं. आम्ही सगळ्या जेवायला होतो. तू शाळेच्या बँडबरोबर कुठेशी गेली होतीस. चुरम्याचे लाडूसुद्धा बांधून आणले मी. आणि काय पोटभर बोलली गं तुझी आई त्या दिवशी. म्हणाली, सुटले बाई एकदाची, मला गप्प बसणं म्हणजे अगदी जिवावर येतं."

विनीता मनात सोमवार मोजू लागली. दोन महिने. म्हणजे नाताळच्या सुट्टीतले सोमवार. बर्फामुळे शाळा बंद होती आणि ती दुपारभर बडबडत होती, तोही सोमवार. डब्याबद्दल सांगितलं तो तर परवापरवाचाच.

तिने आईकडे पाहिलं. मावशींचा शब्द न् शब्द खोलीभर ऐकू येत होता. पद्मजाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मळून झालेली कणीक ती पुन्हा पुन्हा मळत होती. मग तिने ती बाजूला सारली आणि ओशाळलेल्या चेहऱ्याने रिसीव्हरसाठी हात पुढे केला. तिचे ओठ उघडले. आता एक शब्द निघाला असता, तर सोमवारचा मंगळवार झाला असता.

विनीता ओट्यावरून उतरली आणि वायरसकट गर्रकन पाठ फिरवून उभी राहिली.

"ते व्रत संपलं, मावशी," ती म्हणाली. "हे दुसरं आहे."

"दुसरं? मला बोलली नाही ती. बाई गं, किती करते ही. कुठल्या देवाचं धरलंय आता?"

मागे काही हललं नाही. आईने श्वास आत घेऊन रोखून धरला, तो विनीताला ऐकू आला.

"देवाचं नाही," विनीता म्हणाली. "माझं आहे."