घरपट्टीतली सूट

गुणवंता मिस्त्रीनं नव्या घराच्या मालकीन पूनमबाईले छाती ठोकून सांगतलं होतं, "कमी विजेच्या घराले घरपट्टीत सूट हाये. माह्या हातच्या घराले नाही भेटली, तं थापी कायमची खाली ठेवीन!"

मे महिन्यात, भर दुपारी, पालिकेचे इंजिनियर तपासाले आले. घाम पुसत त्यायनं सैपाकाच्या ओट्यावर फारम पसरला.

"पाच स्टारवाला एसी?"

"नाही, साहेब," गुणवंता बोलला.

"सोलर?"

"नाही. पन हवेचे झरोके हायेत."

"मंग सूट कायची मागून राहिला बे? झरोके तं सारेच ठेवतेत!"

साहेब 'नापास' लिहाले गेले, तं कागद उडाला. उचलला, पुन्हा उडाला. साहेब खेकसले, "पयले तो पंखा बंद कर!"

"कसा करू, साहेब? घरात लाईटच नाही आली अजून."