सौमित्रभैया कोण आहे

ताट घासून बापूसाहेबांनी पालथं घातलं आणि हात पुसत ते म्हणाले, “आज रेडिओवर काय बोलला सौमित्रभैया! ऐकलं का, सूनबाई?”

“थोडंसं,” यशश्री म्हणाली. तिचा घसा बसला होता.

“तिथंच काम करतेस, अन् थोडंसं? ‘भाइयो, अपनी थाली माँजने से हाथ नहीं घिसता.’ काय ठणकावून सांगतो! बाईमाणूस बोललं तर कानावरून जाते. मर्द बोलला की आत उतरते.”

हीच गोष्ट यशश्रीनं एकदा पंगतीत म्हटली होती. तेव्हा बापूसाहेब चार दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

ती मोहल्ल्याच्या रेडिओवर कामाला होती. घरच्यांना वाटे, फायली सांभाळते. तीन वर्षांपूर्वी पुरुषांना घरकामाला लावायची मोहीम रेडिओवर सुरू झाली त्या दिवशी बोलायला ठरलेला पुरुष आलाच नाही. रेडिओ चालवणाऱ्या विनतादीदींनी माइक तिच्यापुढे सरकवला. यशश्रीचा आवाज लहानपणापासून जाड, रित्या घागरीतून घुमावा तसा. मंगळागौरीत तिला फेर धरू देत, पण गाऊ देत नसत. तोच आवाज त्या दिवशी सौमित्रभैया झाला.

आता खमरियाच्या कारखान्याच्या क्वार्टरांत ड्यूटी सुटलेली माणसं संध्याकाळी रेडिओ लावून बसत. कुणी कणीक मळायला शिकला. कुणी पोरीचं ठरत आलेलं लग्न थांबवून तिला कॉलेजात घातलं.

आणि यशश्री घरी येऊन पोळ्या लाटी. हळू, दोन-चार शब्दांत बोले. आपल्याच शब्दांचं कौतुक दुसऱ्याच्या नावानं ऐके. बोलून ती दमली नव्हती. हे ऐकून ऐकून दमली होती.

“दीदी, रविवारच्या श्रोत्यांच्या मेळाव्यात मी सांगून टाकते.”

विनतादीदींनी हातातला चहा खाली ठेवला. “काहून ओढवून घेऊन राहिली? इतके दिवस बाईचं ऐकलं म्हणून उठून जातील सगळे. पुन्हा ऐकणार नाहीत. अन् तुझे सासरे? घरात राहू देतील?”

“नाही राहू दिलं तर नाही. एकदा माझ्या नावानं ऐकू द्या त्यांना. बस.”

दीदींनी कार्यक्रमाच्या कागदावर तिचं नाव लिहिलं. मग म्हणाल्या, “चलो. जे होईल ते होईल.”

रविवारी हॉल गच्च भरला. सौमित्रभैया दिसेल म्हणून बापूसाहेब इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. सुरुवातीला नकलाकार बंडूनं रेल्वे स्टेशनवरच्या घोषणांची नक्कल करून लोकांना पोट धरून हसवलं. मग यशश्री उठली.

पदर खोचून ती माइकपाशी उभी राहिली. सासऱ्यांकडे बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. तरी बघितलं.

“भाइयो,” ती म्हणाली. तोच आवाज. हॉल एकदम गप्प झाला. “सौमित्र नाम का कोई आदमी नहीं है. तीन साल से मैं ही बोल रही हूँ. मैं, यशश्री.”

मागच्या बाजूला कुणीतरी खुर्ची सरकवली.

बापूसाहेब उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. यशश्रीनं माइकचा दांडा घट्ट धरला. आता काय ते होऊन जाऊ दे, तिला वाटलं. निदान आज ते माझ्याशी बोलतील.

बापूसाहेबांनी दोन्ही हात वर केले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पाठोपाठ सगळा हॉल कडकडला. शिट्ट्या वाजल्या.

“बहू है हमारी!” शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारत ते ओरडले. मग कौतुकानं भरलेले डोळे पुसत त्यांनी स्टेजकडे तोंड केलं. “बंडूपेक्षा भारी नक्कल केली, सूनबाई! सौमित्रभैयानंच शिकवली असंल. आता बाजूला हो, अन् त्याला बोलाव.”